सीताफळाचं बी आणि बिराप्पाचा हात

दसरा जवळ आला की बिदरच्या बाजारात सीताफळांचे ढीग लागतात, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत माझ्या खोलीपुढच्या बाकावर डोळ्यांवर पदर दाबून बसलेल्या बायका दिसू लागतात. या दोन गोष्टींचा संबंध समजावून सांगण्यात माझ्या नोकरीचा बराच काळ गेला. संपादकांनी फळझाडं आणि आरोग्य या विषयावर लिहायला सांगितलं तेव्हा मी त्यांना आधीच म्हटलं, की मी डॉक्टर नाही आणि वैद्यही नाही. मी एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातला नेत्र सहाय्यक. फळाचे गुण मला पुस्तकातून कळले नाहीत, डोळे धुता धुता कळले.

नेत्र सहाय्यक म्हणजे काय, हे माझ्या बायकोच्या माहेरी अजून कोणाला नीट सांगता येत नाही. डोळ्यांचा डॉक्टर ऑपरेशन करतो. त्याच्या आधीचं आणि नंतरचं बरंचसं काम आमचं. नजर मोजायची, चष्म्याचा नंबर काढायचा, ज्वारीचं कुसळ नाहीतर वेल्डिंगचा कण डोळ्यातून काढायचा, मोतीबिंदूची माणसं शोधून शिबिराला धाडायची. नजर मोजायची रीत सोपी आहे. चांगल्या डोळ्याला साठ मीटरवरून जे अक्षर दिसावं, तेच वाचायला एखाद्याला सहा मीटरवर यावं लागलं, तर त्याची नजर सहा-साठ. सहावरचं सहावरूनच दिसलं तर सहा-सहा, म्हणजे उत्तम. मला हे आकडे आवडतात. माणूस काय सांगतो, घरचे काय सांगतात, ते बाजूला राहतं. भिंतीवरची ओळ वाचता आली की आली, नाही तर नाही.

सीताफळाला मात्र असा आकडा लावता येत नाही. आमच्या तांबड्या मुरमाच्या उतारांवर ते कोणी न लावता येतं, कारण त्याच्या पाल्याला शेळी तोंड लावत नाही. बाकी सगळं रान ओरबाडलं जातं, सीताफळ तेवढं उभं राहतं. शेळी जे खात नाही त्यात काहीतरी असणार, हे आमच्याकडच्या लोकांनी फार पूर्वी ओळखलेलं आहे. पाला वाटून बैलाच्या किडे पडलेल्या जखमेत भरतात. चक्कर येऊन पडलेल्या बाईच्या नाकाशी तोच पाला चुरून धरतात. वास इतका उग्र, की जिला खरी चक्कर आली नसेल तीही उठून बसते. कोवळं कच्चं फळ वाळवून जुलाबावर देतात. कणगीत धान्यावर पाला पसरतात. बियांची पूड खाटेच्या ढेकणांना आणि डोक्यातल्या उवांना. गरोदर बाईला त्या पुडीजवळ फिरकू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. आणि गर? गर अंगी लागतो. अशक्त पोराला द्यावा, आजारातून उठलेल्याला द्यावा. गोडीही भरपूर आहे, हे विसरू नये.

आमचे एक निवृत्त गुरुजी ते विसरले. सीताफळानं नजर सुधारते असं कुठल्याशा पेपरात वाचून ते रोज सकाळी उठल्यावर फळं खात. मी काढून दिलेला चष्मा त्यांनी आठवड्यात परत आणला.

"तुमचा नंबर चुकलाय."

पुन्हा मोजलं. नंबर खरंच बदलला होता. पंधरवड्यानं पुन्हा बदलला. चष्म्याचा नंबर असा डुलायला लागला की आम्ही आधी रक्तातली साखर बघायला सांगतो. ती निघाली, आणि चांगलीच निघाली.

"पण पेपरात होतं," गुरुजी म्हणाले.

"पेपरवाल्याला तुमची शुगर ठाऊक नव्हती, गुरुजी."

ते बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. फळाची चूक नव्हती. गोळ्या सुरू झाल्या, खाणं आवरलं, नंबर जागेवर आला. चष्मा मात्र मीच चुकवला होता असं ते शेवटपर्यंत सांगत.

दसऱ्यानंतर येणाऱ्या बायका-पोरींचं दुखणं वेगळं. त्या वर्षांत आमच्याकडची गावंच्या गावं दिवाळीच्या मागेपुढे हैदराबादला बांधकामावर, नाहीतर पुण्याकडे जायला लागली होती. जायच्या आधी बायका-पोरींची डोकी स्वच्छ करायची रीत. परमुलखात उवांचं डोकं घेऊन कसं जायचं? मग खोबरेल तेलात बियांची पूड कालवून डोक्याला थापायची आणि फडकं बांधायचं. पोरगी घामाघूम झाली की तो ओघळ डोळ्यांत उतरायचा. सकाळी डोळे उघडत नाहीत, उजेड सोसत नाही, आणि मोटार तर दुपारी निघणार.

"साहेब, लवकर करा, मुकादम थांबंना झालाय," एक आई म्हणायची.

"डोळा धुवायला वेळ लागतो, अक्का. मुकादमाला म्हणावं, चार दिवस मागून येते."

"चार दिवसांनी काम ऱ्हातंय व्हय तिथं?"

किती पोरी आल्या असतील? वेगळी नोंद मी ठेवली नाही, आणि न मोजलेला आकडा सांगायची मला सवय नाही. बहुतेकींचे डोळे धुऊन, थेंब घालून, आठवड्याभरात निवळले. मी प्रत्येकीला तेच सांगे, की बी डोक्याला लावू नका, दुकानात उवांचं औषध मिळतं. त्या मान हलवत. पुढच्या वर्षी त्यांच्या धाकट्या बहिणी येत. एकच वाक्य वर्षानुवर्षं बोलत राहिलं की ते आपल्यालाच ऐकू येईनासं होतं.

हे सगळं सांगितलं ते बिराप्पासाठी.

बिराप्पा धनगर, आमच्या तालुक्यातल्याच एका खेड्याचा. पूर्वी मेंढरं होती; मग थोडी शेती आणि चार जनावरं उरली. पण आसपासच्या गावांत त्याचं नाव निघायचं ते जनावरांच्या किड्यांवरच्या औषधासाठी. बैलाच्या शिंगाच्या बुडाशी नाहीतर खुरात किडे पडले की माणूस बिराप्पाला बोलवायला यायचा. तो चालत जायचा, मोटारीत बसायचा नाही. औषध स्वतः वाटायचा, लोकांकडे पाठ करून. वाटून झालं की त्यावर मंत्र म्हणून फुंकर घालायचा आणि जखमेत भरायचा. पैसा घ्यायचा नाही, पाणीसुद्धा प्यायचा नाही. आणि औषधाचं नाव सांगायचा नाही. नाव उच्चारलं की हातातला गुण जातो, अशी ती विद्या. घरातल्या एकाच माणसाच्या कानात ती सांगायची. ज्यानं सांगितली त्याचा हात त्या घटकेपासून रिकामा.

त्याला ती मुलाला द्यायची होती. मुलगा मल्लेश हैदराबादेत गिलाव्याच्या कामावर. एका दिवाळीला तो घरी आला तेव्हा बिराप्पानं विषय काढला. मल्लेश हसला.

"अप्पा, सातव्या मजल्यावर बैल कुठून येनार?"

ही गोष्ट मला पुढे बिराप्पाच्या सुनेनं, कलावतीनं सांगितली. सांगताना तिलाही हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं.

कलावती सासऱ्याजवळ राहून शेत आणि जनावरं बघायची. एके दिवशी शेजाऱ्यांच्या फोनवर मल्लेशचा निरोप आला म्हणून ती सासऱ्याला बोलवायला धावत परसात गेली. बिराप्पा कोणाच्यातरी बैलासाठी औषध वाटत बसला होता. फुंकर घालायला कोरडी पूड तळहातावर घेतलेली. ती मागून जाऊन त्याच्या खांद्यावरून वाकली, "मामा, फोन," म्हणाली, आणि त्याच क्षणी त्यानं दचकून हातासकट मागं वळत ओठांवर आलेली फुंकर सोडली. पुडीचा भपकारा तिच्या दोन्ही डोळ्यांत गेला.

दुसऱ्या दिवशी तो तिला घेऊन आला. तिला दंडाला धरून, पुढचं पाऊल कुठं टाकायचं ते सांगत. माझ्या खोलीच्या दारात त्यानं एवढंच म्हटलं, "साहेब, हिच्या डोळ्यात धूळ गेलीया."

मी पापण्या उलटवल्या आणि समजलो, की ही धूळ नव्हे. बुबुळावरची काच, जी आरशासारखी चकाकायला हवी, ती दोन्ही डोळ्यांत घासलेल्या काचेसारखी झाली होती. पापणीच्या आत तपकिरी कण चिकटलेले. असल्या वेळी आधी धुवायचं, विचारायचं नंतर. सलाइनच्या बाटल्या लावल्या आणि धूत राहिलो. कलावती दात आवळून पडली होती. आमच्या दवाखान्यातली आया सिद्दम्मा तिचं डोकं धरून बसली होती.

नशिबानं तो बिदरहून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई यायचा वार होता. मॅडम गुलबर्ग्याच्या, मराठी समजायचं, बोलायच्या मात्र दख्खनीत. त्यांनी डोळ्यांत रंगाचा थेंब घालून, निळ्या उजेडात ते तपासले आणि मला बाजूला घेतलं. अडचण काय होती ते साध्या शब्दांत सांगतो. पुडीत चुना असेल तर भाजणं आतपर्यंत उतरत जातं, तिला लगेच हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं. नुसता बियांचा तिखटपणा असेल तर इथंच बरं होईल. आणि अपघातानंतर घरी डोळ्यात पाल्याचा रस वगैरे घातला असेल तर बुरशी लागायचं भय. एक थेंब असा आहे, की तो सुजलेल्या डोळ्याला वाचवतो आणि बुरशी लागलेल्या डोळ्याला खाऊन टाकतो. तो घालायचा की नाही, हे ठरायचं होतं. सीताफळाचा संशय मला आणि मॅडमना दोघांनाही आला होता. पण संशयावर दोन डोळे पणाला लावता येत नाहीत.

बिराप्पा बाहेर भिंतीशी उकिडवा बसला होता. मी त्याच्याजवळ बसलो.

"मामा, पुडीत काय होतं?"

"झाडपाला."

"कुठला? चुना होता का?"

त्यानं तोंड फिरवलं.

"मामा, तिची नजर जाईल."

"साहेब, त्याचं नाव घेता येत न्हाई. नाव घेतलं की माझा हात गेला. पाच गावची जनावरं हायत माझ्या हातावर. आताच बघा, एकाचा बैल तसाच ठेवून आलोय."

मॅडम दारात आल्या. "अरे बाबा, बैल का सोचते क्या तुम? बच्ची की आँखाँ जा रैं! नाम बोलो ना!"

त्यानं नुसते हात जोडले. मला त्याचा राग आला असं आज लिहावंसं वाटतं, पण आला नव्हता. ज्या फुंकरीनं बैल बरे होतात असं त्यानं आयुष्यभर मानलं, त्याच फुंकरीनं सुनेचे डोळे जायची वेळ आली होती. आता ती विद्याही टाकायची, म्हणजे त्याच्यापाशी उरलं काय?

आतून कलावतीचा आवाज आला. दार उघडं होतं, तिनं सगळं ऐकलं होतं.

"मामा, त्यांना काय सांगू नका. तुमचं मोडू नका. मला हैदराबादला धाडा म्हनावं. तिकडं हे हायतच."

मॅडमनी मान हलवली. वाट लांबची, मोटारीची खात्री नाही, आणि गरज नसताना नेलं तर वाटेत जाणारा वेळ डोळ्यांनाच भोवणार.

बिराप्पा उठला. आत गेला. कोपऱ्यातल्या नळावर त्यानं हातपाय धुतले, धोतराचा सोगा डोक्यावर घेतला. दोन्ही डोळ्यांवर कापूस ठेवून पडलेल्या सुनेच्या कानाशी तो वाकला आणि बराच वेळ कुजबुजत राहिला. आम्ही सगळे भिंतीला लागून उभे. मग तो सरळ झाला.

"आता माझ्यापाशी काय न्हाई," तो मला म्हणाला. "तिचं हाय. तिला इचारा."

कलावती पडल्या पडल्या म्हणाली, "मामा, म्या आताच सांगितलं तर तुमच्या बापजाद्यांचं समदंच जाईल. पुढं कुनाला द्यायला काय ऱ्हानार न्हाई."

"तुझं तू बघ पोरी. माझा आता हक्क न्हाई त्यावर."

मग तिनं सांगितलं. सीताफळाचं बी. सीताफळाचाच पाला, वाळवून. तंबाखू. कापूर. चुना नाही. आणि रात्री डोळ्यात घातलं ते शेळीचं दूध. पाल्याचा रस नव्हे.

मॅडम तेवढं ऐकून टेबलाकडे वळल्यासुद्धा. मला हायसं वाटलं. आणि तेवढ्यात सिद्दम्मा बोलली. मनात काही वाईट नव्हतं तिच्या, ती बाई तशीच.

"एवढंच व्हय? अगं बया, हे तर आमच्या म्हातारीला बी ठावं होतं! एवढ्यासाठी कामून एवढं केलंत?"

बिराप्पानं तिच्याकडे पाहिलं. मग तो बाहेर जाऊन पुन्हा त्याच भिंतीशी बसला.

कलावतीला आम्ही दवाखान्यातच ठेवून घेतलं. मी पुन्हा पापण्यांच्या आतून कण वेचले. तासातासाला थेंब, आणि तो जपून वापरायचा थेंब मॅडमच्या सांगण्याप्रमाणे. पहिल्या दिवशी तिला तोंडापुढं धरलेली माझी बोटं मोजता येत नव्हती. निघायच्या दिवशी नजर सहा-छत्तीस होती, घरी चालून जाण्याइतकी. मल्लेश तीन-चार दिवस येऊन गेला. बापाशी फार बोलला नाही. उन्हासाठी काळा चष्मा तेवढा घेऊन दिला.

पुढं महिन्याभरानं ती तपासायला आली. उजवा डोळा सहा-नऊ. डावा सहा-अठरा, तिथं एक फिकट डाग राहिला होता, तो जाणार नव्हता. मी कार्डावर लिहिलं. सहा-नऊ म्हणजे तिला सुईत दोरा ओवता येईल, मोटारीची पाटी वाचता येईल. माझ्या नोकरीत समाधानाचे क्षण फार नव्हते. त्यातला हा एक, हे नमूद करतो.

बिराप्पा बाकावर बसला होता. वाळला होता.

"मामा, औषध देता का अजून?" मी सहज विचारलं.

"कशानं देऊ? माझा हात कुठाय?"

त्या महिन्यात माणसं आली होती, कलावतीनं सांगितलं. सगळ्यांना त्यानं परत पाठवलं, जनावरांच्या सरकारी दवाखान्यात जा म्हणून. काही गेले, काहींची जनावरं दगावली.

"मग आमच्याच बैलाला झालं," कलावती म्हणाली. "शिंगाच्या बुडाशी. कंपाउंडर दोनदा बोलवला, आला न्हाई. मामा नुसते बैलाजवळ बसून. मग म्याच वाटलं. ह्यो चष्मा घातला, तोंडाला फडकं बांधलं, पूड उडू नये म्हनून पानी घालून वाटलं. मंत्र मला येतच न्हाई, मामांनी सांगितला तवा मी रडायलेते, ध्यानातच न्हाई ऱ्हायला. फुंकर बी न्हाई घातली. भीतीच वाटती आता फुंकरीची."

"मग?"

तिनं सासऱ्याकडे पाहिलं. उत्तर बिराप्पानंच दिलं.

"बरा झाला बैल. किडं समदं पडलं. जखम भरली."

आणखी माणसं वाट बघत होती. तो उठला नाही.

"साहेब, तुमी मोजून सांगनारी मानसं," तो म्हणाला. "खोटं बोलत न्हाई म्हनत्यात तुमच्याबद्दल. नाव समद्यांदेखत घेतलं. मंत्र न्हाई, फुंकर न्हाई, बाईमानसाचा हात. तरी बैल बरा झाला. मंग एवढी वर्सं माझ्या हातात काय होतं का न्हाई?"

मी इतक्या माणसांना इतक्या वाईट गोष्टी सरळ सांगितल्या आहेत. हा डोळा आता येणार नाही, हे आईला तोंडावर सांगितलं आहे. त्या दिवशी मात्र माझ्यापाशी आकडा नव्हता. किडे मारण्याचा गुण बियात आहे, पाल्यात आहे, हे त्यालाही कळलं होतं. ते मी पुन्हा सांगून काय होणार होतं? आणि खोटं सांगितलं असतं तर ते त्याला लगेच कळलं असतं.

"मामा," मी म्हटलं, "सीताफळ माळावर उभं असतं. बैल गोठ्यात असतो. पाला काही आपण होऊन जखमेपर्यंत चालत जात नाही. पाच गावं तुम्ही चाललात, उन्हातान्हात, पाणीसुद्धा न पिता. तुम्ही गेला नसतात तर ती जनावरं मेली असती. एवढं मला खात्रीनं सांगता येतं."

तो हसला, पहिल्यांदाच हसताना पाहिला मी त्याला.

"म्हंजे पाय होते," तो म्हणाला. "हात न्हवता."

कलावतीनं पदर सावरला, काळा चष्मा लावला. बैलाला पेंड घ्यायची आहे, बाजार उठायच्या आत निघूया, म्हणाली. ती पुढं झाली आणि दवाखान्याच्या पायऱ्या कोणाचा हात न धरता उतरून गेली. मागून तो निघाला. दर पायरीला थांबून आपल्याच पायांकडे बघत.